मदत हवी आहे : व्हेनिसमधल्या मांजरांची माहिती

नमस्कार मंडळी. जळगावात आम्ही काही ॲनिमेशनवेडे पिक्सार या अमेरिकन ॲनिमेशन स्टुडिओच्या २०२७ मध्ये येणाऱ्या 'गात्तो' या चित्रपटावर रोज वाद घालतोय. दिग्दर्शक एन्रिको कासारोझा. नायक नीरो, इटलीतल्या व्हेनिस शहरातला काळा बोका. मांजरांच्या टोळीच्या म्होरक्याचा देणेकरी, आणि आपण जगलो ते बरोबर का, या विचारात पडलेला.

माझा तर्क असा की खरं पात्र पाणीच असणार. तिथे रस्त्यांऐवजी कालवे, भरती फार चढली की पाणी कधी कधी थेट चौकात. ४ नोव्हेंबर १९६६ ला ते समुद्राच्या ठरावीक पातळीपेक्षा १९४ सेंटिमीटर वर गेलं होतं! मांजराला याहून अवघड गाव कुठलं? मैत्रीण म्हणते, नाही, काळं म्हणून झिडकारलं जाणं हाच विषय. आमच्या गल्लीत आजही काळं मांजर आडवं गेलं की लोक गाडी थांबवतात, त्यामुळे तिचं मला जास्त पटू लागलंय.

व्हेनिसला कोणी राहिलंय का? तिकडेही काळ्या मांजराला अपशकुनी मानतात का? पाणी चढलं की गल्लीतली मांजरं कुठे जातात? पुढच्या महिन्यात शाळकरी पोरांना यावर अहिराणीत बोलतं करायचंय, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. भुसावळ-धुळ्याकडचं कोणी असेल तर भेटायलाच येतो.