आजीच्या वहीतलं बेने इस्राएली कीर्तन नव्या रूपात करायचंय, मदत हवी

ठाणेकर_नात
नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता ठाण्यात. आजीची एक जाड वही माझ्याकडे आलीये, त्यात बायबलातल्या योसेफाचं (भावांनी विकलेला तो) अख्खं कीर्तन आहे, मोशेच्या जन्माची पदं आहेत, मेंदीच्या रात्री बायका म्हणायच्या ती गाणी आहेत, सगळं मराठीत, आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर साकी, दिंडी (ही वृत्तं), अमक्या नाटकातल्या पदाची चाल असं लिहिलेलं. मी गाते आणि दोन मित्र आहेत, एक तबला वाजवतो, एक गिटार. आम्हाला हे नुसतं "जुनं जपलं" म्हणून करायचं नाहीये. पूर्वरंग (सुरुवातीचं निरूपण) आजीचाच ठेवायचा, आणि उत्तररंगात (आख्यानात) योसेफ मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, एकटा पडतो तिथे आमच्या घरातली गोष्ट आणायची, म्हणजे अर्धं घर इस्राएलला गेलं, अर्धं इथे राहिलं, पत्रं यायची ती पण मराठीत.

अडचणी दोन. घरातले मोठे म्हणतायत देवाच्या गोष्टीचा स्टेज शो कशाला. आणि पैसे! मुंबईत काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग किती सुंदर दुरुस्त झालं, २०१९ ला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, मनापासून आनंद आहे, पण भिंतींसाठी देणगी मागितली की लोकांना लगेच कळतं, आणि तालमीसाठी, वादकाच्या मानधनासाठी मागितली की "हौस आहे ना तुमची" असं होतं. कोणी असं काही केलंय का? कुठून सुरू करू?

कीर्तनवेडा_पुणे
ताई, आधी करा, नक्की करा. मी नारदीय कीर्तन शिकतो, ज्यू नाही, पण बेने इस्राएल कीर्तनाबद्दल आमच्या गुरुजींकडून ऐकलंय. घरच्यांना एवढंच सांगा की हे कीर्तन मुळात १८८० च्या सुमारास मुंबईत सुरू झालं, तेव्हा ते पूर्ण नवीन होतं. आजूबाजूला हरिदासांची कीर्तनं चालायची, ती ऐकून तुमच्या पूर्वजांनी ठरवलं की आपल्या बायबलातल्या गोष्टी आपल्या बायकापोरांना याच रीतीने सांगू, कारण हिब्रू फार थोड्यांना कळायचं आणि मराठी सगळ्यांना. म्हणजे त्या काळातला तो प्रयोगच होता की! नाटकातल्या चाली घेतल्या त्या पण त्यांच्या काळातल्या फेमस चाली होत्या, मग गिटारला कसला विटाळ.

एकच सांगतो, कीर्तनाचा सांगाडा मोडू नका. नमन, निरूपणाचं पद, मग आख्यान, मधे मधे साकी-दिंडी, हे राहू दे, कारण त्यातच श्रोत्याला धरून ठेवायची ताकद आहे. नुसती गाणी एकामागे एक म्हटली तर ती मैफल होते. तुमची उत्तररंगाची कल्पनाच इतकी भारी आहे की मला आत्ताच ऐकावंसं वाटतंय, योसेफ भावांना ओळखतो पण ते त्याला ओळखत नाहीत, तिथे तुमचं पत्र आलं पाहिजे.

लोदची_मावशी
बाळा, वाचून डोळे भरले. मी १९६९ ला इथे इस्राएलला आले, लहान होते. तुला इथली बाजू सांगते. आमच्या आधी आलेल्या आपल्या लोकांना इथे आपण पुरते ज्यू आहोत हे सिद्ध करायला भांडावं लागलं, लग्नं लावायला रब्बी (ज्यू धर्मगुरू) तयार नव्हते, उपोषणं झाली, धरणं झाली, तेव्हा कुठे १९६४ ला सरकारने सांगितलं की बेने इस्राएल सगळ्यांसारखेच. आता तूच विचार कर, असं झाल्यावर घरातली मराठी पदं कोण मोठ्याने म्हणणार गं? लोकांनी ती आतल्या आत ठेवली. "मायबोली" नावाचं मराठी मासिक काढलं काही जणांनी, कीर्तनं पण झाली, पण ऐकायला आमच्याच वयाचे.

आणि बघ येमेनहून इथे आलेल्या ज्यू लोकांचं काय झालं. त्यांच्या बायकांची अरबी गाणी पण अशीच तोंडी, घरातली. तीन बहिणींनी, ए-वा नावाचा बँड आहे त्यांचा, २०१५ ला त्यातलं "हबीब गल्बी" हिपहॉपच्या ठेक्यावर आणलं आणि अख्ख्या देशात वाजलं, माझी नातवंडं त्यावर नाचत होती. त्यांना अरबीतला शब्द कळत नव्हता. नंतर मोठी नात विचारायला लागली की आजी आपली गाणी कुठेयत. मी काय दाखवणार होते? तुझ्या वहीसारखी वही आमच्या घरी राहिली नाही. म्हणून म्हणते, रेकॉर्डिंग केलंस की हिब्रू सबटायटल मी करून देईन, पैसे नकोत मला. पण गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला मात्र दे.

रेवदंडेकर
मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नये. कीर्तन करा, माझा पाठिंबा आहे, लहानपणी चौलला ऐकलेलं आठवतं. पण काही जण हल्ली मलिदा पण कार्यक्रमात घालतात, ते मला पटत नाही. मलिदा हा नवस आहे. पोहे, खोबरं, गूळ, वेलची, पाच फळं ताटात मांडून एलियाहू हन्नाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव घ्यायचं, काम झालं म्हणून आभार मानायचे. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे) त्याच्या येण्याच्या खुणा मानलेला खडक आहे तिथे लोक अजून जातात ते बघायला नाही, मागायला आणि फेडायला जातात. ते तिकीट लावून दाखवायची गोष्ट नाही. कीर्तन मात्र पहिल्यापासून लोकांसमोर करायचंच होतं, त्यामुळे त्याला हा आक्षेप लागत नाही.

आणि पैशाचं म्हणाल तर कोकणातल्या आमच्या सिनेगॉगांत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना नाकी नऊ येतात. छप्पर गळतं तेव्हा आधी छप्परच बघावं लागतं. हे पण समजून घ्या.

चित्रवाली
@रेवदंडेकर काका मलिद्याचं अगदी मान्य. पण छप्पर की कलाकार असं भांडण लावायला नको, कारण दहा माणसं जमत नाहीत याचं एक कारण हेच आहे की तरुणांना तिथे करायला काही नाही. ते गाणार असतील, चित्रं काढणार असतील, लिहिणार असतील तर येतील.

ताई, मी बेने इस्राएल नाही पण ग्राफिक डिझायनर आहे आणि या विषयात बरीच वर्षं अडकलीये. तुमच्या लोकांनी नवं करायला कधी संकोच केलाच नाहीये! १८७४ च्या पुण्याच्या हग्गादाहमधली (वल्हांडणाच्या सणाला वाचायचं पुस्तक) चित्रं बघा, सणाच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका मस्त लुगड्यात बसल्यात. आणि आत्ताच्या चित्रकार सिओना बेंजामिन, मुंबईत वाढल्या, अमेरिकेत असतात, त्या बायबलातल्या बायका निळ्या अंगाच्या काढतात, मिनिएचर चित्रांच्या पद्धतीने, आणि फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन इथे येऊन बेने इस्राएल लोकांवर मोठं काम करून गेल्या. हे कोणीतरी पैसे आणि वेळ दिला म्हणून झालं. न्यूयॉर्कला लाबा म्हणून एक उपक्रम आहे, तिथे कलाकार एकत्र बसून जुने ज्यू ग्रंथ वाचतात आणि त्यातून नवीन काम करतात. मला ती "आधी वाचा मग करा" पद्धत फार आवडते, तुम्ही छोट्या प्रमाणावर ठाण्यात करू शकता, महिन्यातून एकदा वही उघडून बसायचं, एखादे काका-मावशी अर्थ सांगायला, बाकी आमच्यासारखे.

वही आधी स्कॅन करा प्लीज, हे सगळ्यात आधी. कोचीच्या ज्यू बायकांची मल्याळम गाणी अशाच हातच्या वह्यांमध्ये होती, लोकांनी वह्या गोळा केल्या, म्हाताऱ्या बायकांकडून चाली रेकॉर्ड केल्या आणि २००४ ला जेरुसलेमहून सीडी निघाली. चाल वहीत नसते, ती गळ्यात असते, त्यामुळे आजीच्या मैत्रिणी असतील तर फोन घेऊन आजच जा. पोस्टर मी करेन, तुमचे मराठी नावांचे सण, नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, बिरड्याचा सण, सगळ्यांची चित्रं डोक्यात तयार आहेत.

ठाणेकर_नात
सगळ्यांचे मनापासून आभार. रेवदंडेकर काका, मलिदा कार्यक्रमात घालणार नाही, शब्द देते. आजीची एक मैत्रीण भायखळ्याला आहे, रविवारी जातेय रेकॉर्डिंगला. आणि ठरवलंय, पहिल्या प्रयोगाच्या पत्रिकेवरच वादकांचं मानधन, हॉलचं भाडं, साउंडचा खर्च सरळ छापायचा, लोकांना कळू दे देणगी कशाला लागते ते.

रेवदंडेकर
हे चांगलं केलंत. माझे पाच हजार धरा. तारीख ठरवताना शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार दिवसा ठेवू नका, शब्बाथ (आमचा विश्रांतीचा दिवस) सुटल्यावर शनिवारी रात्री ठेवलीत तर आमच्याकडून एक गाडी भरून माणसं आणतो. त्यातल्या दोघांना योसेफाच्या आख्यानाची जुनी चाल येते, त्यांना आधी तालमीला बोलवा.