राजवाड्यामागे बार-रेस्टॉरंट: होऊ द्यावं का?

रामबागकर
इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतला एक जुना वाडा एका हॉटेलवाल्याने भाड्याने घेतलाय. शहराच्या नव्या भागात, विजयनगरात, त्याचे बार जोरात चालतात. इथे खाली जेवण, वर बिअर-वाईन, शनिवारी गाणं असा बेत आहे. नऊनंतर गल्लीत कुत्र्यांशिवाय कोणी नसतं, तिथे माणसं आणतो म्हणतोय. माझा पाठिंबा. पोरांनी दर वेळी विजयनगरलाच का पळावं?

लोकमान्यनगरची मावशी
कोणी नसतं? पाच मिनिटांवर सराफा बाजार आहे की! सोनारांची शटरं पडली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा (मक्याचा) कीस, गराडू (तळलेला कंद), दहीवडे लागतात. मध्यरात्रीनंतरही बायका कडेवर पोर घेऊन फिरतात, आणि हे सगळं दारूच्या थेंबाविना. शेजारी झिंगलेली टोळकी उभी राहिली की पहिल्यांदा या बायका यायच्या बंद होतील. गिऱ्हाईक वाढणार नाही, बदलेल.

रामबागकर
बिअर प्यायला की लगेच टोळकं?

हिशेबनीस
1 एप्रिल 2025 पासून मध्य प्रदेशात कमी नशेच्या बारचा नवा परवाना आलाय: बिअर, वाईन वगैरे, 10 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, व्हिस्की-रम नाही. हा तोच घेत असेल तर उगाच घाबरू नका. 2023 मध्ये दारूच्या दुकानांलगतचे अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, बंद केले, तेव्हा पिणारे काय घरी जाऊन जप करायला लागले? गाडीत बसतात, बंद दुकानाच्या पायरीवर बसतात. त्यापेक्षा कॅमेरा, बिल आणि ज्याला जाब विचारता येईल असा मालक असलेली जागा बरी.

जुना इंदूरकर
2022 मध्ये बीआरटीएसवर, म्हणजे जलद बसच्या रस्त्यावर, रात्रभर दुकानं उघडी ठेवायची मुभा दिली होती. नशा, हाणामाऱ्या यांच्या तक्रारी आल्या आणि 2024 मध्ये ती गुंडाळली. तो तर रुंद रस्ता होता. आपल्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, भिया!
दारूचं सोडा, मला भीती आगीची आहे. खुद्द राजवाडा 1984 च्या दंगलीत जळला. वरचे मजले लाकडीच होते. हा वाडाही लाकडी. वर पन्नास माणसं, खाली भट्टी, जिना एकच. बंब आत येणार कुठून?

हिशेबनीस
सिलिंडर सराफ्यातही आहेत. तिथले सोनार स्वतःच त्यावर ओरडत असतात. तिथे चालतं आणि इथे नाही?

जुना इंदूरकर
तिथेही चालू नये. पण तिथे निदान डोक्यावर लाकडी माडी आणि माडीवर पन्नास माणसं नाहीत.

रामबागकर
मुद्दा पटला. मागून दुसरा जिना काढणार का, ते त्याला विचारतो. मावशी, गाणं अकराला बंद. चालेल?

लोकमान्यनगरची मावशी
दहाला. लाउडस्पीकरचा कायदाच दहाचा आहे.