मदत हवी आहे: आमच्या जीपी सर्जरीला तपासणीत ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळाला आहे

सर्वांना नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. आमच्या जीपी सर्जरीची (म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याची) ‘केअर क्वालिटी कमिशन’ने, म्हणजेच आरोग्यसेवांच्या दर्जावर देखरेख ठेवणाऱ्या सीक्यूसी या संस्थेने, नुकतीच तपासणी केली असून एकूण शेरा ‘सुधारणा आवश्यक’, तर सुरक्षिततेच्या बाबतीत त्याहूनही खालचा, ‘अपुरी’ असा दिला आहे. लसींच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंशांच्या दरम्यान असल्याची रोजची नोंद काही दिवस कोरीच होती, हे एक वेळ समजून घेता येईल. परंतु मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णांच्या रक्ततपासणीचे निकाल न पाहताच औषध पुन्हा लिहून दिले गेले, हे वाचून मात्र धास्ती वाटली, कारण सासूबाई संधिवातासाठी तेच औषध घेतात आणि त्यात यकृत व रक्तपेशींवर नियमित लक्ष ठेवावेच लागते. स्वागतकक्षातील मंडळी फार आपुलकीने वागतात, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही.

सीक्यूसी वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे प्रॅक्टिस मॅनेजरना पत्र लिहिण्याचा विचार आहे. त्यात नेमके काय मागावे? एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या अ‍ॅपवर जुने निकाल दिसत नसतील तर ते कसे मिळवावेत? आणि आता सर्जरी बदलल्यास औषधात खंड पडेल का? येथील डॉक्टर व फार्मासिस्ट सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.