जुना फ्लॅट विकण्याआधी रिनोव्हेशन करावं का?

कोथरूडवाला:
नमस्कार मंडळी. डहाणूकर कॉलनीजवळ आईबाबांचा वन बीएचके आहे, १९९१ ची बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. आता विकायचाय. मोझेकची फरशी, कडप्प्याचा ओटा, आणि बाथरूमलगतच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटलेत. एजंट म्हणतो मॉड्युलर किचन, नवीन टाइल्स, फॉल्स सीलिंग करून घ्या, सहा लाख घाला दहा जास्त मिळतील. भाऊ म्हणतो आहे तसा विकून मोकळे व्हा. कोणाचे असे पैसे वसूल झालेत का?

फुकट_सल्लागार:
भावाचं ऐका. दहा जास्त मिळतील हे एजंट लिहून देतोय का विचारा :) येणारं गिऱ्हाईक किचन आपल्या आवडीचं करणार, तुमच्या ट्रॉल्या भंगारात. शिवाय लोन घेणारा असेल तर बँकेचा व्हॅल्युअर कार्पेट एरिया, बिल्डिंगचं वय, आजूबाजूचा रेट हे बघतो, फॉल्स सीलिंगकडे मान वर करूनही बघत नाही. म्हणजे वरचा भाव गिऱ्हाइकाने खिशातून काढायचा, आणि तिथेच तो अडतो.

सुलभा_डोंबिवली:
किचन नको हे पटलं, पण ओल तशी ठेवू नका हो! आमचं घर बघायला येणारा प्रत्येक जण आधी बाथरूमच्या भिंतीवर हात फिरवायचा आणि मग लगेच भाव पाडून मागायचा. आधी गळती शोधा, वॉटरप्रूफिंग करा, भिंत नीट वाळू दे, मगच पुट्टी आणि रंग. घाईत रंग मारलात तर पावसाळ्यात परत फुगे.

हिशोबी:
टॅक्सचं पण बघा. रंगरंगोटी आणि डागडुजीचा खर्च कॅपिटल गेनमधून (विक्रीतल्या नफ्यातून) वजा होत नाही, घरात कायमची भर घालणारं काम असेल तरच, आणि त्याचीही पक्की बिलं लागतात. घर २००१ च्या आधीचं आहे ना, मग खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्याचा रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून रिपोर्ट करून घ्या, टाइल्सपेक्षा तो खर्च कामाचा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला १२.५ टक्के बिना इंडेक्सेशन (म्हणजे महागाईनुसार खरेदी किंमत न वाढवता) किंवा २० टक्के इंडेक्सेशनसकट, जो टॅक्स कमी येईल तो (भारतात राहणाऱ्यांना, एनआरआयना नाही).

फुकट_सल्लागार:
एक राहिलंच, सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं काही चाललंय का?

कोथरूडवाला:
हो, दोन बिल्डरच्या ऑफर आल्यात, मीटिंगमध्ये नुसती भांडणं.

फुकट_सल्लागार:
अहो मग हे आधी सांगायचं ना! २०१९ च्या जीआरनंतर (सरकारी निर्णय) रिडेव्हलपमेंटला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, म्हणजे घेणारा तुमची फरशी नाही, नवीन फ्लॅट किती मिळणार ते बघून पैसे देणार. पाडायच्या बिल्डिंगला टाइल्स कसल्या लावताय. दोन्ही ऑफर लेटर आणि मीटिंगच्या मिनिट्सची कॉपी फाइलला लावा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आईबाबांच्या नावावर आहे ना तेही बघून घ्या.

कोथरूडवाला:
ठरलं, फक्त गळती आणि रंग. प्लंबर येऊन गेला, म्हणतो पाणी वरच्यांच्या बाथरूममधून येतंय. वरच्या काकांना हे कसं सांगायचं यासाठी वेगळा धागा काढतो.