इंदूर: २५ लिटरचा गीझर खालून टपकतोय, दुरुस्ती की नवीन?

वरचा_मजला_सुदामानगर
नमस्कार मंडळी. उभा गीझर, २५ लिटर, २ किलोवॅट, नऊ वर्षं जुना. गच्चीवरच्या टंकीत नर्मदेचं आणि बोरिंगचं पाणी मिसळलेलं असतं. पंधरवड्यापासून गीझर खालून टपकतोय. एक मिस्त्री म्हणतो टाकी गेली, नवीन घ्या. दुसरा म्हणतो ७०० रुपयांत गॅस्केट बदलून देतो. घरी चौघं, सगळे बादलीनेच आंघोळ करतो. कोणाचं ऐकू? नवीन घ्यायचाच झाला तर १५ लिटरचा पुरेल का, आणि फिटिंगसकट किती खर्च येईल? ब्रँडवरून भांडणं नकोत, प्लीज.

पाना_पक्कड
दोघांचंही ऐकण्याआधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. खालून टपकतंय एवढ्यावरून काहीच कळत नाही, कारण पाणी कुठूनही गळलं तरी शेवटी खालीच येतं.

स्विच बंद करून एमसीबी पाडा, पाणी निवू द्या. खालचं प्लॅस्टिकचं झाकण काढा, सगळं कापडाने कोरडं करा आणि प्रत्येक जोडाभोवती टिश्यूपेपर गुंडाळा: थंड पाण्याचा जोड, गरम पाण्याचा जोड, सेफ्टी व्हॉल्व्ह, मधली फ्लँज (टाकीचं नटांनी आवळलेलं धातूचं झाकण). तासाभराने कोणता कागद भिजलाय ते बघा.

फक्त गीझर चालू असताना व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंब पडत असतील तर तो बिघाडच नाही. पाणी १८ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे दीड टक्का फुगतं, म्हणजे २५ लिटरला जवळपास ४०० मिली. मागे नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह) असल्यामुळे हे पाणी परत जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्ह ते बाहेर टाकतो. तिथे बारीक नळी लावून ती मोरीत सोडा. बूच मारणारे महाभाग असतात. बूच मारलं की तो दाब थेट टाकीवर येतो.

फ्लँजचा कागद भिजला तर दुसरा मिस्त्री बरोबर. मात्र फ्लँज उघडलीच आहे तर नुसतं गॅस्केट बदलून बंद करू नका. एलिमेंटवरचा (पाणी तापवणाऱ्या कॉइलवरचा) क्षार काढा आणि शेजारची मॅग्नेशियमची कांडी बघा. आतली लोखंडी तार दिसायला लागली असेल तर कांडी संपली. ती टाकीऐवजी स्वतः झिजते, म्हणूनच टाकी टिकते. बोरिंगच्या पाण्यावर ती दरवर्षी तपासायला हवी, पण पहिली पाच वर्षं कुणी तिच्याकडे बघतही नाही. नट समोरासमोरचे जोडीने आवळा. एका बाजूने आवळत गेलात तर नवीन गॅस्केटही गळेल.

सगळे कागद कोरडे, गीझर बंद असतानाही टपकतंय, आणि पाणी बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून तांबूस येतंय, तर टाकीला भोक पडलंय. टाकी आणि पत्रा यांच्या मधल्या पफमध्ये (उष्णता धरणाऱ्या फोममध्ये) पाणी मुरतं, त्यामुळे भोक एकीकडे आणि गळती दुसरीकडे दिसते. घरगुती गीझरच्या टाकीला वेल्डिंग करण्यात अर्थ नाही, आतला काचेचा लेप उष्णतेने जातो.

युनिट_मास्तर
आकाराचं सांगतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत टंकीचं पाणी सकाळी १८ अंश धरा, आंघोळीचं ४० आणि गीझर ५५ वर. २० लिटरच्या बादलीला साधारण १२ लिटर गरम पाणी लागतं. म्हणजे २५ लिटरमध्ये दोन बादल्या लागोपाठ निघतात आणि पुन्हा तापायला अर्धा तास. १५ लिटरमध्ये जेमतेम एक बादली, पुढच्याने वीस मिनिटं थांबायचं. शाळा-ऑफिसच्या घाईत चौघं असाल तर २५ च घ्या. दोघंच असाल तर १५ भरपूर.

वीज दोन्हींत जवळजवळ सारखीच जाते, कारण ती पाण्यावर ठरते, टाकीवर नाही. एका बादलीला अर्धा युनिट. चौघांचे रोज दोन युनिट, वाया जाणारी थोडी उष्णता धरून महिन्याला ६५ ते ७०. इथे एक गोम आहे. मध्य प्रदेशच्या अटल गृह ज्योती या वीजबिल सवलतीच्या योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तरच पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. घराचा बाकी वापर ९० च्या आसपास असेल तर थंडीत गीझरच तुम्हाला सीमेबाहेर ढकलतो. बटण दिवसभर चालू ठेवू नका.

त्याच कारणाने स्टारचा बाऊ करू नये असं माझं मत. स्टार मोजतात ते नुसतं तापवून ठेवल्यावर किती उष्णता वाया जाते त्यावरून. अर्धा तास चालवून बंद करणाऱ्याला चार आणि पाच स्टारमधला फरक बिलात शोधूनही सापडणार नाही. तेवढे पैसे बचत करून कांडीवर घाला.

३ लिटरचा इन्स्टंट बादलीवाल्यांना नको. ३ किलोवॅटवर मिनिटाला दोन लिटरच मिळतं, बादली भरायला दहा मिनिटं. भांड्यांच्या सिंकला ठीक. आणि गॅस गीझर बंद बाथरूममध्ये कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अर्थिंग_आधी
मास्तर, स्टारचं पटलं, पण घरात वयस्कर माणसं असली की गीझर दिवसभर चालूच राहतो, तिथे पाच स्टार घ्यावाच.

वायरिंगचं: २ किलोवॅट म्हणजे ८.७ अॅम्पिअर. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी लाइन, १६ अॅम्पिअरचा एमसीबी, बाथरूमबाहेर २० अॅम्पिअरचा डीपी (दोन्ही तारा तोडणारा) स्विच आणि डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य स्विचबोर्डात, ३० मिलीअॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). जुन्या सॉकेटचं भोक काळवंडलं असेल तर सॉकेट बदला, नुसता प्लग बदलून भागत नाही. ढिल्या पत्तीमुळेच तो तापतो. गीझर चालू केल्यावर आरसीसीबी पडत असेल तर बहुतेक वेळा एलिमेंटला बारीक चीर गेलेली असते. मल्टिमीटरवर २ किलोवॅटचा एलिमेंट २६-२७ ओहम दाखवतो. टोक आणि बॉडी यांच्यामध्ये मात्र सर्किट जुळलेलं दाखवता कामा नये. आरसीसीबी काढून टाकून गीझर "चालू करून देणारा" वायरमन दारातूनच परत पाठवा.

वरचा_मजला_सुदामानगर
तिघांचे आभार. कागद सगळे कोरडे आहेत, सांध्यातून तांबूस पाणी येतंय. म्हणजे नवीनच. नवीन कुठला बघू? आणि खर्चाचं राहिलं.

पाना_पक्कड
२५ लिटर, काचेचा लेप असलेली टाकी, ८ बारची (बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप). दुसऱ्या मजल्यावर गच्चीच्या टंकीचा दाब अर्धा बारही नसतो, पण पुढेमागे प्रेशर पंप बसवलात तर ८ बारची टाकी कामी येईल. खरेदीआधी दुकानदाराला विचारा की याची कांडी आणि गॅस्केट इंदूरमध्ये सुटं मिळतं का. महाराणी रोडवर दोन दुकानं फिरलात की खरं उत्तर कळेल. वॉरंटी कार्डात क्षाराबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. टाकीला बरीच वर्षं आणि एलिमेंटला दोनच, असं सर्रास असतं.

अंदाज: गीझर ८,५०० ते १२,००० रुपये. दोन जाळीदार नळ्या ३०० ते ४००. बसवणावळ ४०० ते ६००. सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचं) तोंड सरकवावं लागलं तर ५०० ते १,०००. डीपी आणि एमसीबी नवीन घातले तर आणखी ८०० च्या आसपास. एकूण नऊ ते पंधरा हजार. जुना भंगारात वजनावर जातो, तो मिस्त्रीला फुकट देऊ नका.

जुन्या खिळ्यांवर नवीन गीझर बसेल असं गृहीत धरू नका, कंपनीगणिक भोकांचं अंतर वेगळं. भरलेला गीझर ३५ किलोच्या वर जातो. भिंत चार इंची किंवा पोकळ विटेची असेल तर अँकर धरत नाही, आरपार बोल्ट आणि मागे पट्टी लागते. उभा गीझर जागा कमी म्हणून आडवा टांगू नका, एलिमेंट पाण्याबाहेर राहून जळतो. आडव्यासाठी आडवाच मॉडेल येतो.

बसवल्यावर आधी थंड पाणी चालू करा, गरम पाण्याचा नळ उघडा, फसफस थांबून सलग धार लागली की मगच स्विच. थर्मोस्टॅट ५५ च्या वर नेऊ नका, त्यापुढे बोरिंगचा क्षार भराभर बसतो. आणि कांडी बदलल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा, पुढच्या मिस्त्रीला विचारत बसायला नको.