मोठीला सीलिअ‍ॅक आहे, धाकट्याचा गहू बंद करता येत नाही. एकाच घरात कसं जमवता?

नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची आहे. दहा महिन्यांपूर्वी तिला सीलिअ‍ॅक असल्याचं कळलं, म्हणजे गहू, बार्ली, राय यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार. उंची वाढत नव्हती, लोहाचं औषध चालू असूनही हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. टीटीजी (या आजाराची रक्तचाचणी) मर्यादेच्या दहा पटींहून जास्त आला, दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही आणखी एक रक्तचाचणीही पॉझिटिव्ह, म्हणून आतड्याचा तुकडा काढून तपासायची बायोप्सी टळली. त्या दिवसापासून गहू, बार्ली, राय बंद. ओट्सही सध्या देत नाही.

फरक पडला. पोट फुगायचं थांबलं, उंची वाढली. टीटीजीही भराभर उतरला, पण सहाव्या महिन्यातला आकडा आणि आत्ताचा आकडा जवळजवळ सारखाच. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी थोडं थोडं ग्लूटेन पोटात जातंय.

टोस्टर आणि चाळणी वेगळी केली, लाकडी चमचे टाकून दिले. भाजल्या-उकळल्याने ग्लूटेन जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. सोया सॉसमध्ये गहू असतो, माल्ट म्हणजे बहुतेक वेळा बार्ली, हे सगळं आता पाठ झालंय. खेळायच्या मऊ रंगीत मातीतसुद्धा गव्हाचं पीठ असतं, तीही गेली. तरी आकडा हलेना.

गेल्या आठवड्यात कारण दिसलं. धाकटा साडेतीन वर्षांचा आहे. तो बिस्किट खाऊन उठला आणि ही त्याच्या जागेवर जाऊन बसली. बोट जिभेवर ओलं करायचं, टेबलावरचा चुरा टिपायचा, तोंडात घालायचा. मी दिसताच तिने हात मांडीवर घेतला. "आई, एवढुस्साच होता." मला रागावता आलं नाही. तिला जवळ घेऊन बसले, एवढंच.

सगळं घर ग्लूटेनमुक्त करणं मला खरं तर सोपं आहे. अडचण धाकट्याची. सख्ख्या भावंडांना हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक असते. त्याची पहिली चाचणी निगेटिव्ह आली, पण पुढेही अधूनमधून करायची आहे. गहू बंद केला, तर आजार असला तरी चाचणीत दिसणार नाही. म्हणजे त्याने खायलाच हवं, आणि हिच्या डोळ्यांसमोर नको.

ज्यांच्या घरी एक मूल ग्लूटेनमुक्त आहे आणि दुसरं नाही, त्यांनी कृपया सांगा. दुसऱ्याचा गहू फक्त घराबाहेर ठेवलात का? तेवढा चाचणीसाठी पुरतो का, हे डॉक्टरांनाही विचारणार आहेच. की घरातच जागा आणि वेळ ठरवून दिलीत? मुलीने लपवून खाल्लं तर ती आपणहून येऊन सांगेल, यासाठी तुम्ही तिच्याशी काय बोललात? मला हे सगळ्यात जास्त हवंय. आणि तुमच्या मुलांचा टीटीजी नॉर्मल व्हायला किती महिने लागले?

पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे.