अनुभव धागा: उन्हाळ्यात तुमचा इंकजेट कसा तगतो?

रिकामी_बॉबिन
भाचीचा सुट्टीतला प्रकल्प काल छापायला घेतला. विषय आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला. झाडं निळी आली आणि बुरुजावरचा भगवा चक्क गुलाबी. म्हणजे पिवळा गेला. परीक्षा संपल्यापासून प्रिंटर झाकून ठेवलेला, त्यात आपल्याकडचा मे महिना आणि वर पत्रा. दुपारी त्या खोलीत टेबलाला हात लावला तरी चटका बसतो.

तो गुलाबी झेंडा बघितला आणि अण्णांचं दुकान आठवलं. अण्णा म्हणजे माझे मामा, अशोक चौकाकडं त्यांचं डीटीपी आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. सकाळी शटर वर, अगरबत्ती, आणि लगेच नोझल चेकचं पान, म्हणजे प्रत्येक रंगाच्या रेघा छापून शाईची कुठली भोकं तुंबलीत ते दाखवणारं. गिऱ्हाईक असो नसो. ती पानं काउंटरमागं एका खिळ्याला टोचलेली असायची. आता पांढऱ्या कागदावर पिवळ्या रेघा काय दिसणार कपाळ! म्हणून आकाशकंदिलाचा निळा जिलेटिन कागद गल्ल्यात ठेवलेला असे. त्यातून बघितलं की पिवळी रेघ काळी दिसते, कुठं तुटलीय ते लगेच कळतं. काल मीही तसंच बघितलं. अर्ध्याहून जास्त रेघा गायब.

तर लिहा तुमचे अनुभव. शाई, रोलर, भांडणं, काहीही चालेल.

जुळे_सोलापूरकर
हेड क्लीनिंग (शाई सोडणारं हेड साफ करायचा प्रिंटरमधलाच पर्याय) मारलं का? दोनदा, फार तर तीनदा मारा आणि मग रात्रभर हात लावू नका. वाळलेली शाई भिजायला वेळ लागतो. लोक एकामागून एक दहा वेळा मारतात. टाकी अर्धी रिकामी होते आणि रेघा तशाच राहतात.

रिकामी_बॉबिन
दोनदा मारलंय. सोडलाय आता.

पुरणाची_आमटी
ती क्लीनिंगची शाई जाते कुठं, हा प्रश्न मला कायम पडायचा. आमच्या हिनं एकदा विचारलं तर दुकानदार म्हणाला, "हवेत उडते." काही उडत नाही. बुडाशी स्पंजसारखे पॅड असतात, त्यात मुरते. प्रिंटर आत मोजत बसतो, आणि पॅड भरत आले असं त्याला वाटलं की छापणंच बंद. हल्लीच्या काही मॉडेलांत ती पेटी आपल्याला बदलता येते, जुन्यांत मेकॅनिक गाठायचा. म्हणून उगाच क्लीनिंग नको.

कडकभाकरी
सगळ्यांनी एक गोष्ट करा. प्रिंटर त्याच्याच बटणावर बंद करा, भिंतीच्या बोर्डावर नाही!! बटण दाबलं की हेड उजवीकडं कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीवर बसतं. टोपी बसली की शाई वाळत नाही. बोर्डावरून घालवलं आणि हेड मध्येच अडकलं की तोंड उघडं. या उकाड्यात किती तग धरणार ते?

आमच्या सासऱ्यांना वीज वाचवायची फार हौस. घरातनं निघताना मेन स्विचच बंद करतात. फ्रीजसकट. फ्रीजची कथा वेगळी आहे, त्यात आमरस होता.

चिमणी_नको_विमान
लाईट गेल्यावर तेच होतं ताई. छापता छापता गेली तर आल्यावर नुसता चालू करून परत बटणावर बंद करायचा. तो आपला आपण जागेवर जातो.

आमरसाचं सांगा.

कडकभाकरी
नको. घरात अजून विषय काढला की शांतता पसरते 😄

लूमवाला_पोरगा
आमचं घर कारखान्याला चिकटून हाय. सुताचा धुरळा इतका की सकाळी पुसलेला टीव्ही दुपारी पांढरा. प्रिंटर कागदच घेईना. नुसता घुर्रर्र करूलालाय आणि म्हणूलालाय कागद नाही. अन् ट्रेमध्ये कागद हाय की! शेवटी मागचं झाकण काढलं, रबराच्या रोलरवर पांढरी साय जमलेली. ओल्या फडक्यानं रोलर फिरवत फिरवत पुसला, फडकं करडं झालं. कोरडा होऊ दिला, मग पहिल्या झटक्यात कागद घेतला बघा.

दुसरी एक जागा कुणी बघत नाही. हेड जिथनं इकडंतिकडं पळतं तिथं मागं एक पातळ पारदर्शक पट्टी ताणलेली असते. तिच्यावर बारीक रेघा असतात, त्या वाचून हेडला कळतं आपण कुठं हाय ते. तिच्यावर शाई नाहीतर ग्रीस बसलं की हेड धाडकन कडेला आपटतं. पाण्यानं किंचित ओलं केलेलं फडकं, दोन बोटांत धरून हळू. वढायची नाही. स्पिरिट तर नकोच, काही पट्ट्यांवरच्या रेघाच पुसून जातात.

बाळीवेस
कुठलं फडकं बे? तुमच्याकडं तर टॉवेलच टॉवेल.

लूमवाला_पोरगा
टॉवेल सोडून काहीही! आपल्या टॉवेलाला लूप असतात, ते हेडच्या टोकात अडकतात. चष्मा पुसायचं कापड भारी. आम्ही टॉवेल विणतो पण प्रिंटरला लावत नाही, लिहून घ्या.

बाळीवेस
धंद्याला धोका हाय तुझा 😂

सोल्डरची_वाफ
धाग्यात दोन वेगवेगळ्या यंत्रांची सरमिसळ होतेय, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

एका प्रकारात शाई तापवतात. बारीकशा रोधकात वीज सोडली की शाईचा पातळ थर क्षणार्धात ३०० अंशांच्या वर जातो, वाफेचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. कॅनन आणि एचपी या घराण्यातले. दुसऱ्यात स्फटिकाला वीज दिली की तो वाकतो आणि थेंब ढकलतो, तो एपसनचा रस्ता. बुडबुड्याची युक्ती कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली सापडली: तापलेली सोल्डरिंग इस्त्री चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि शाई उडाली. मी दिवसभर सोल्डरिंग करतो, माझ्या हातून नुसता टेबलक्लॉथ जळतो.

आता उपयोगाचं. तापवणाऱ्या हेडला शाई संपल्यावर छापायला लावू नका. शाईच त्याला थंड ठेवते, कोरडं चाललं तर जळतं. आणि ज्या छोट्या कार्ट्रिजच्या पोटाला तांब्याचे ठिपके दिसतात त्यांचं हेड कार्ट्रिजलाच असतं. ती बाहेर काढून साफ करता येतात. टिश्यूची चौपदरी घडी, कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेली, बशीत ठेवा. कार्ट्रिज तोंड खाली करून त्यावर दोनेक मिनिटं उभी करा, मग कोरड्या टिश्यूवर टेकवा. रंगीत असेल तर शेजारीशेजारी तीन पट्टे उमटले पाहिजेत. एखादा फिका असेल तर पुन्हा. घासायचं नाही, तांब्याच्या ठिपक्यांना बोट लावायचं नाही.

नवी_पेठ_सायकल
रिफिल करणाऱ्यांसाठी: वरच्या स्टिकरखाली हवेची बारीक भोकं असतात, ती चिकटपट्टीनं बुजवू नका. शाई भरलेली असते पण हवा आत येत नाही म्हणून खाली उतरत नाही. आमच्या गल्लीतला रिफिलवाला प्रत्येक वेळी बुजवायचा आणि प्रत्येक वेळी "कार्ट्रिज गेली, नवी घ्या" म्हणायचा. धंदा!

पुरणाची_आमटी
डिस्टिल्डच का? घरी आरओ आहे.

सोल्डरची_वाफ
आरओतही थोडे क्षार उरतात. बोअरचं तर विचारूच नका, तव्यावर शिंपडून वाळू द्या, पांढरे डाग पडतील. तेच डाग त्या भोकांत पडणार, आणि ती भोकं केसापेक्षा बारीक. बॅटरीवाल्याकडं इन्व्हर्टरचं पाणी मिळतं ते आणा.

चिमणी_नको_विमान
इथं नळाला कधी पाणी येणार त्याचा पत्ता नाही आणि प्रिंटरला डिस्टिल्ड! तुमच्याकडं या आठवड्यात कधी आलं? आमच्या भागात अजून नाही.

बाळीवेस
पहाटे साडेतीनला आलं. सगळी गल्ली जागी. नवरा मोटारीपाशी, मी टाकीपाशी.

मुक्काम_पुणे
मी सोलापूरचीच, नोकरीला पुण्यात. मागच्या वर्षी दिरांनी आमचा टाकीवाला प्रिंटर हुतात्मा एक्स्प्रेसनं आणून दिला. प्रेमानं आईच्या चादरीत गुंडाळून, वरच्या रॅकवर, उभा करून. लोणावळ्याला जाणारा एक सद्गृहस्थ खाली पांढऱ्या शर्टात बसलेला. पुढचं सांगायला नको. दौंडपर्यंत दोघं मित्र झाले होते म्हणे, कारण दिरांनी शेंगा चटणीचं अख्खं पाकीट त्याला देऊन टाकलं. ते पाकीट माझ्यासाठी होतं!!

नेताना प्रिंटर आडवा आणि सपाट ठेवायचा, टाकीची झाकणं घट्ट, आणि वाहतुकीची खिट्टी असेल तर बंद. पोचल्यावर नळ्यांत हवा दिसत होती, त्यातनं शाई यायला बराच खटाटोप झाला. एरवीसुद्धा टाकी खालच्या रेघेखाली जाऊ देऊ नका, तेव्हाही हवाच शिरते.

चादरीवरचा निळा डाग अजून आहे. चादरीला काही झालेलं नाही, आपली चादर ती.

नवी_पेठ_सायकल
चटणी गेली ते वाईट झालं.

गुरुजी_निवृत्त
मी दर रविवारी नातीला रंगवायला चित्र छापून देतो, आणि कडेला मुद्दाम चारही रंगांची एक पट्टी टाकतो. वाचलेल्या पेपरासारखा प्रिंटर कपाटात टाकला की गेला. काळी शाई बऱ्याच यंत्रांत पिगमेंटची, म्हणजे बारीक कणांची असते, रंगीत डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची. डायवर पाण्याचा थेंब पडला की पसरते. एका विद्यार्थ्याचा दाखला असाच पावसात भिजला, काळी अक्षरं शाबूत, रंगीत फोटोचं मात्र गढूळ पाणी.

बाळीवेस
लेझर घ्या की सगळे. त्यात शाईऐवजी पूड असते, टोनर. ती वाळत नाही, विषय संपला.

गुरुजी_निवृत्त
नातीचा मोर काळ्यापांढऱ्यात छापू का?

लूमवाला_पोरगा
@रिकामी_बॉबिन, अण्णांच्या दुकानात अगरबत्ती प्रिंटरजवळ लावायचे? राख आत गेली तर?

रिकामी_बॉबिन
दुसऱ्या टोकाला, गणपतीपाशी. आणि प्रिंटरवर कायम प्लॅस्टिकचं कव्हर. रबराच्या टोपीची कड मात्र ते दर शनिवारी इअरबडनं पुसायचे, कडेला वाळलेली शाई राहिली की टोपी नीट बसत नाही म्हणायचे. आमच्या टोपीवर खरंच काळा चिकट गोळा होता.

अपडेट: सकाळी टोपी पुसली, डिस्टिल्डचे चार थेंब टोपीत टाकून तासभर हेड बसवून ठेवलं, मग एकच क्लीनिंग. पिवळ्याच्या दोन रेघा अजून तुटक आहेत. झेंडा नारिंगी आलाय पण.

पुरणाची_आमटी
पाल कुणी लिहिली नाही अजून? आमच्या प्रिंटरमध्ये पाल निघाली होती. जिवंत. मॅजेंटा शेपटीची.

कडकभाकरी
ई!! जेवतेय मी.

चिमणी_नको_विमान
बॅटरीवाल्याकडं आलोच आहे. डिस्टिल्डची बाटली कुणाला हवी का? संध्याकाळी जुळे सोलापूरकडंच येऊलालोय. पैसे नको, आमरसाचं सांगा.